सही घेतली, पण सांगितले काय?

आमच्या वस्तीत एसटीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. तीस वर्षे वाहक म्हणून नोकरी केली. पाच वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू आहे. गेल्या वर्षी त्यांना शौचावाटे रक्त जाऊ लागले. सहा महिने मूळव्याध समजून मिळेल ते औषध घेतले. शेवटी मुलाने शहरातल्या एका रुग्णालयात नेले. तिथे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली, म्हणजे कोलोनोस्कोपी. आत दोन पॉलिप सापडले. ते त्याच वेळी काढले आणि संध्याकाळी काकांना घरी पाठवले. "काही नाही काका, दोन कोंब होते, काढून टाकले," एवढेच सांगितले.

नवव्या दिवशी काका एका लग्नासाठी गावी गेलेले होते. पहाटे संडासला गेले आणि नुसते रक्त पडले. तासाभरात चार वेळा तसेच झाले. घरच्यांना वाटले, उष्णता झाली, लग्नातले तिखट बाधले. कुणी ताक दिले, कुणी सब्जा भिजवून दिला. काका चक्कर येऊन अंगणात पडले तेव्हा कुठे जीप बोलावली. ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने विचारले, "अलीकडे काही तपासणी, ऑपरेशन झाले होते का?" मुलाने पिशवीतला कागद काढून दिला. कागद इंग्रजीत होता. नऊ दिवस घरात असूनही त्यात काय लिहिले आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हते. डॉक्टरने वाचले, सलाईन लावले आणि तत्काळ जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिथे दोन पिशव्या रक्त चढवावे लागले. पुन्हा दुर्बीण घालून, जिथला कोंब काढला होता तिथली रक्तवाहिनी क्लिप लावून बंद केली. काका वाचले.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. "सही तर मीच केली होती. आता तक्रार तरी कशाची करू?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी नीट समजून घेतले पाहिजे की काकांच्या पोटात नेमके काय झाले. आपल्याकडे दोन टोकाच्या प्रतिक्रिया होतात. एक म्हणतो, डॉक्टरने मारले असते, धरा त्याला. दुसरा म्हणतो, नशिबात होते, सोडून द्या. दोन्ही प्रतिक्रिया माहिती नसल्यामुळे होतात. आणि माहिती नसलेला माणूस हक्क मागू शकत नाही.

पॉलिप म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेला मांसाचा कोंब. कधी तो देठ असलेल्या अळंबीसारखा असतो, कधी अस्तराला चिकटून पसरलेला. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात. परंतु त्यातला ॲडिनोमा नावाचा प्रकार वर्षानुवर्षे वाढत जाऊन कर्करोगात बदलू शकतो. या बदलाला साधारण दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. म्हणजे कर्करोग होण्याच्या आधीच त्याला गाठून काढून टाकण्याची संधी या आजारात मिळते. फार थोड्या कर्करोगांत अशी संधी असते.

ही संधी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती १९६९ नंतर. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या दोन शल्यचिकित्सकांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास आत नेऊन पॉलिप कापून काढण्याची पद्धत सुरू केली. त्याआधी आतड्यात वर असलेला कोंब काढायला पोट फाडावे लागे. पुढे अमेरिकेतल्या 'नॅशनल पॉलिप स्टडी' या अभ्यासात ॲडिनोमा काढलेल्या १,४१८ रुग्णांचा पाठपुरावा केला गेला. १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : या लोकांत मोठ्या आतड्याचा कर्करोग अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी आढळला. २०१२ मध्ये त्याच गटाने दाखवून दिले की ॲडिनोमा काढलेल्यांत या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ५३ टक्क्यांनी कमी झाले.

तेव्हा एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख वाचून कुणी कोलोनोस्कोपी टाळली तर माझे लिहिणे वाया गेले असे मी समजेन. शौचावाटे रक्त जाते म्हणजे मूळव्याधच, असे समजून भिंतीवरच्या जाहिराती वाचून वर्षे घालवणारे आपल्यात हजारो आहेत. त्यातल्या कुणाला पॉलिप असतो, कुणाला कर्करोग असतो, आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. लहान मुलांतसुद्धा न दुखता रक्त जाण्याचे एक नेहमीचे कारण पॉलिप हेच आहे. आपल्या देशात तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी सरकारी तपासणी कार्यक्रम आहे. मोठ्या आतड्यासाठी तसा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. त्यामुळे आपला माणूस त्रास सुरू झाल्यावरच दुर्बिणीपर्यंत पोहोचतो. निदान तेव्हा तरी पोहोचलाच पाहिजे.

आता दुसरी बाजू. पॉलिप काढणे ही जखम करण्याची क्रिया आहे. मोठ्या आतड्याची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड असते आणि उजव्या बाजूला तर आणखी पातळ. तिथे तारेचा फास आवळून कोंब कापायचा, मोठा असेल तर विजेच्या प्रवाहाने डाग देऊन कापायचा. यात तीन गुंतागुंती होऊ शकतात आणि त्या प्रत्येकाला माहीत असल्या पाहिजेत.

पहिली रक्तस्राव. तो कापताना लगेच होऊ शकतो. तेव्हा डॉक्टर समोरच असतो, क्लिप लावून किंवा इंजेक्शन देऊन थांबवतो. खरा घात करतो तो उशिराचा रक्तस्राव. विजेने डाग दिलेल्या जागेवर खपली धरते आणि काही दिवसांनी ती सुटते. तेव्हा खालची रक्तवाहिनी उघडी पडली तर रक्त वाहू लागते. हे दुसऱ्या दिवशी होईल, पाचव्या दिवशी होईल, दोन आठवड्यांपर्यंतही होऊ शकते. आमच्या काकांच्या बाबतीत नवव्या दिवशी झाले. त्यात लग्नातल्या तिखटाचा काही संबंध नव्हता.

दुसरी गुंतागुंत आतड्याला छिद्र पडण्याची. हे सर्वांत गंभीर. आतड्यातली घाण पोटात सांडते आणि जंतुसंसर्ग पसरतो. बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच त्रास दिसतो : पोटदुखी वाढतच जाते, पोट फुगून कडक होते, ताप येतो, उलट्या होतात. छिद्र त्याच वेळी लक्षात आले तर अनेकदा दुर्बिणीतूनच क्लिप लावून बंद करता येते. उशीर झाला तर पोटाचे ऑपरेशन करावे लागते. इथे तासांना किंमत असते.

तिसरी कमी माहीत असलेली. विजेचा चटका आतड्याच्या भिंतीच्या आरपार पोहोचतो, पण छिद्र पडत नाही. काही तासांपासून चार-पाच दिवसांपर्यंत ताप आणि एका जागी पोटदुखी सुरू होते. लक्षणे छिद्रासारखीच, म्हणून स्कॅन करून खात्री करावी लागते. उपचार मात्र वेगळा. पोटाला विश्रांती, सलाईन आणि प्रतिजैविके एवढ्यावर बहुतेक रुग्ण बरे होतात. ज्या डॉक्टरला पॉलिप काढल्याचे माहीतच नाही, तो अशा रुग्णाचे पोट विनाकारण फाडू शकतो किंवा गॅस म्हणून घरी पाठवू शकतो. म्हणून तो कागद जवळ असणे महत्त्वाचे.

हे किती जणांना होते? जगभरातल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार पॉलिप काढलेल्या दर हजार रुग्णांत सुमारे दहा जणांना नंतर रक्तस्राव झाला आणि छिद्र पडण्याचे प्रमाण हजारात एकापेक्षाही थोडे कमी होते. पॉलिप न काढता नुसती तपासणी केलेल्यांत रक्तस्राव हजारात एकालाही पुरता नव्हता. सर्व कोलोनोस्कोपी धरून मृत्यूचे प्रमाण लाखात सुमारे तीन. म्हणजे धोका लहान आहे. कर्करोग टाळण्याच्या फायद्यापुढे तर फारच लहान. परंतु धोका शून्य नाही, आणि शंभरात एक म्हणजे ज्याचा उल्लेखही करू नये इतका दुर्मीळही नाही.

येथे आणखी एक गोष्ट विचारात घेतली पाहिजे. हे आकडे बहुतांशी अशा देशांतले आहेत जिथे रुग्णाला फोन नंबर दिलेला असतो, रुग्णवाहिका येते, आणि रक्तपेढी जवळ असते. रक्तस्राव सर्वांना सारखाच होतो. शहरात रुग्णालयाजवळ राहणाऱ्याला तो होतो तेव्हा अर्ध्या तासात उपचार सुरू होतात. तालुक्यापासून तीस किलोमीटरवर राहणाऱ्याला तोच रक्तस्राव होतो तेव्हा जीप शोधण्यापासून सुरुवात असते. ज्याच्याजवळ अंतर कापायचे साधन नाही, त्याच्याजवळ निदान माहिती तरी आधीपासून असली पाहिजे. प्रत्यक्षात उलटे घडते. शिकलेल्या, पैसेवाल्या रुग्णाला डॉक्टर बसवून समजावतात आणि खेड्यातून आलेल्या माणसाला "तुम्हाला काय समजणार" म्हणून कागद पुढे सरकवतात. ज्याला जास्त गरज त्यालाच कमी सांगायचे, हा कुठला न्याय?

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. तक्रार कशाची करायची?

रक्तस्राव झाला याची नाही. हे मी मुद्दाम ठासून सांगतो. उत्तम डॉक्टरने उत्तम पद्धतीने पॉलिप काढला तरी गुंतागुंत होऊ शकते. गुंतागुंत झाली म्हणजे हलगर्जी झाली असे कायदा मानत नाही आणि आपणही मानू नये. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा चालवायचा तर निष्काळजीपणा फार गंभीर स्वरूपाचा असावा लागतो. रुग्णालयाच्या काचा फोडून, डॉक्टरच्या अंगावर धावून कुणालाही न्याय मिळालेला नाही. उलट त्यामुळे ग्रामीण भागात यायला डॉक्टर धजत नाहीत आणि नुकसान आपलेच होते. त्या रात्री काकांना वाचवले तेही एका सरकारी तरुण डॉक्टरनेच.

तक्रार आहे ती न सांगितल्याची. आणि ती साधी तक्रार नाही. २००८ मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला तो प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवा. एका महिलेने पोटात दुर्बीण घालून तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या वृद्ध आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढून टाकले गेले. न्यायालयाने सांगितले की तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती होत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावे लागले तरच अपवाद. सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने नातेवाइकाने दिलेली संमतीही चालत नाही. डॉक्टरला तपासणी आणि संभाव्य उपचार या दोन्हींची संमती आधीच एकत्र घेता येते, पण ती तशी स्पष्ट घेतली पाहिजे. आणि संमती खरी ठरायची तर उपचाराचे स्वरूप, त्याचा हेतू व फायदा, पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल हे पुरेसे सांगितलेले असले पाहिजे.

हा निकाल कोलोनोस्कोपीला तंतोतंत लागू पडतो. कारण इथे तपासणी आणि शस्त्रक्रिया एकाच टेबलावर, एकाच दुर्बिणीतून, पंधरा-वीस मिनिटांच्या आत होतात. पॉलिप दिसला की तिथल्या तिथे काढणे हे रुग्णाच्या हिताचेच असते. पुन्हा पोट साफ करण्याचे औषध प्या, पुन्हा दुर्बीण घाला, पुन्हा खर्च करा, हे कुणाला हवे आहे? म्हणून प्रश्न पॉलिप काढण्याचा नाही. "पॉलिप दिसला तर काढू का? काढला तर असे होऊ शकते," हे आधी विचारण्याचा आहे. न्यायालयाने फार दूरचे, केवळ कल्पनेतले धोके सांगण्याची सक्ती केलेली नाही, हेही खरे. पण शंभरातल्या एकाला होणारा रक्तस्राव कल्पनेतला म्हणता येत नाही.

प्रत्यक्षात संमती कशी घेतली जाते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. रुग्ण रात्रभर जुलाबाचे औषध पिऊन अर्धमेला झालेला असतो. हाताला सुई टोचलेली असते, अंगात मागून उघडा गाऊन असतो. सिस्टर छापील इंग्रजी कागद आणते आणि बोट ठेवून सांगते, "इथे, इथे आणि इथे सही करा." बाहेर नातेवाइकाला मधेच बोलावून सांगतात की कोंब निघाला आहे, काढायचा असेल तर खर्च वेगळा. त्या क्षणी तो बिचारा काय विचारणार? आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला, कारण त्यांना वाचू दिले गेले नव्हते. आपण शिकलो, सही करू लागलो. पण जो कागद वाचलेला नाही त्याच्यावरची सही आणि अंगठा यात फरक काय?

आणखी एक बाब डॉक्टरांनाही लक्षात आणून द्यावीशी वाटते. कोलोनोस्कोपीच्या वेळी गुंगीचे औषध देतात. त्यातल्या काही औषधांनी पुढच्या काही तासांतले बोलणे रुग्णाच्या लक्षातच राहत नाही. म्हणजे तपासणीनंतर डॉक्टरने कॉटजवळ येऊन प्रामाणिकपणे सर्व सांगितले तरी घरी जाईपर्यंत रुग्ण ते विसरलेला असतो. "आम्ही सांगितले होते," हे डॉक्टरचे म्हणणे खरे असू शकते आणि "मला कुणी सांगितले नाही," हे रुग्णाचे म्हणणेही तितकेच खरे असू शकते. यावर उपाय एकच. रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत लिहून द्या आणि सोबतच्या माणसालाही समजावून सांगा.

धोका कमी करण्याचे मार्गही आहेत. त्यातले दोन रुग्णाला माहीत असावेत. पहिला मार्ग कापण्याच्या पद्धतीचा. एक सेंटिमीटरपेक्षा लहान पॉलिप वीज न वापरता नुसत्या फासाने कापावेत, अशी शिफारस युरोपातल्या दुर्बीण-तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये केली. याला थंड फासाची पद्धत म्हणतात. वीज नाही म्हणून चटका नाही, आणि उशिराचा रक्तस्राव कमी. २०२३ मध्ये तैवानमधल्या चार हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत लहान पॉलिप विजेने कापलेल्यांत उशिराचा रक्तस्राव दीड टक्का झाला, तर थंड फासाने कापलेल्यांत अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी. मोठ्या पॉलिपला अनेकदा वीज लागतेच. तेव्हा कोंबाखाली सलाईनचे इंजेक्शन देऊन तो भिंतीपासून वर उचलतात, आणि काही वेळा जखमेवर आधीच क्लिप लावतात. कुठली पद्धत योग्य हे डॉक्टरच ठरवेल. "कशाने कापणार?" एवढे विचारण्याचा अधिकार मात्र रुग्णाला आहे.

दुसरा मार्ग गोळ्यांचा. हृदयरोग, स्टेंट, झडपेचे ऑपरेशन, अर्धांगवायू यासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे आज घरोघरी आहेत. पॉलिप काढायचा तर यातल्या काही गोळ्या आधी काही दिवस थांबवाव्या लागतात, ॲस्पिरिन मात्र बहुधा चालू ठेवतात. इथे दोन्ही बाजूंनी खड्डा आहे. थांबवल्या नाहीत तर रक्तस्रावाचा धोका, मनाने थांबवल्या तर स्टेंट बंद पडून हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका. म्हणून कुणीही स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. हृदयाचे डॉक्टर आणि दुर्बिणीचे डॉक्टर यांनी मिळून कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची हे लिहून दिले पाहिजे. काकांना "सात दिवस बंद ठेवा" असे तोंडी सांगितले होते. पुन्हा केव्हा सुरू करायची आणि सुरू केल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचे, हे कागदावर कुठेच नव्हते. त्यांनी घरी आल्या दिवशीच गोळी घेतली. चूक त्यांची होती का?

यावर काही डॉक्टर म्हणतील, ओपीडीत दीडशे रुग्ण उभे असतात, प्रत्येकाला व्याख्यान कसे देणार? अडचण खरी आहे. सरकारी रुग्णालयात माणसे कमी आहेत, यंत्रे बिघडलेली आहेत, आणि याची जबाबदारी तिथल्या डॉक्टरवर नाही, शासनावर आहे. परंतु एक पानी मराठी पत्रक छापायला किती डॉक्टर लागतात? काही म्हणतील, धोके सांगितले तर रुग्ण घाबरून पळून जाईल. हा युक्तिवाद नवा नाही. 'तुमच्या भल्यासाठीच तुम्हाला सांगत नाही,' हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. धोका आणि फायदा दोन्ही समोर ठेवले तर साधा शेतमजूरही योग्य निर्णय घेतो. घाबरून पळतो तो अर्धवट ऐकलेला माणूस. आज काकांच्या गावात काय बोलले जाते? "दुर्बीण घातली आणि रक्त वाहू लागले." त्या गावातले किती जण आता तपासणीला येतील? न सांगितल्यामुळे भीती कमी झाली की वाढली?

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे पुढे आल्या पाहिजेत. महाराष्ट्राची राजभाषा १९६४ च्या अधिनियमाने मराठी आहे. मग शासकीय रुग्णालयातले संमतीपत्र रुग्णाला इंग्रजीत का मिळावे? कोलोनोस्कोपीचे संमतीपत्र मराठीत असावे, तपासणीच्या किमान आदल्या दिवशी हातात पडावे, आणि त्यात पॉलिप काढण्याची वेगळी ओळ असावी. वाचता येत नसेल त्याला वाचून दाखवावे. घरी जाताना मराठी पत्रक द्यावे, त्यात काय काढले, किती मोठे होते, धोक्याची लक्षणे कुठली आणि रात्री-अपरात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा हे लिहिलेले असावे. शिकाऊ डॉक्टर करणार असेल तर कुणाच्या देखरेखीखाली, हेही सांगावे. डॉक्टरांनी शिकले पाहिजे यात वाद नाही. पण गरिबाच्या पोटावर शिकायचे आणि त्याला सांगायचेही नाही, हे चालणार नाही.

हक्क कागदावर आहेतच. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्रात २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या सुधारित नियमांनी खासगी रुग्णालयांत रुग्णहक्कांचा फलक लावणे बंधनकारक झाले. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत त्याची कागदपत्रे द्यावी लागतात. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. सर्वांनाच मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध ग्राहक मंचात जाता येत नाही, पण वैद्यक परिषदेकडे तक्रार आणि दिवाणी दावा हे मार्ग उघडे राहतात. अर्ज कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची हे चळवळीतल्या माणसाला शिकवायला नको. ती कला आता रुग्णालयाच्या दारातही वापरली पाहिजे.

वाचकांनी पुढील गोष्टी कापून घरात ठेवाव्यात.

तपासणीच्या आधी विचारा : पॉलिप सापडला तर काढणार का, त्याचा खर्च किती, धोका काय? चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी दाखवा. पोट साफ करायचे औषध पिताना पाणी भरपूर प्या आणि किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा. सोबत एक जाणता माणूस न्या. त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नका, महत्त्वाच्या कागदावर सही करू नका.

तपासणीनंतर दोन आठवडे लांबचा प्रवास शक्यतो टाळा, निदान कागद सोबत ठेवा. पुसताना किंचित रक्त दिसले तर घाबरू नका. परंतु वारंवार रक्त पडणे, गाठी पडणे, चक्कर येणे, पोटदुखी वाढत जाणे, पोट कडक होणे, ताप, उलट्या, यातले काहीही झाले तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरला पहिले वाक्य हेच सांगा : "अमुक दिवशी आतड्यातला पॉलिप काढला आहे."

आणि शेवटची गोष्ट, जी सर्वांत जास्त जण विसरतात. काढलेला पॉलिप तपासायला पाठवतात. तो रिपोर्ट आणायला जा. त्यावरूनच कळते की आत कर्करोग होता की नव्हता आणि पुढची तपासणी किती वर्षांनी करायची. पॉलिप काढून घेतला, धोका पत्करला, आणि रिपोर्टच आणला नाही, तर सगळे व्यर्थ.

निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी, वाचनालयांनी, वस्तीतल्या मंडळांनी हे काम हाती घ्यावे. आपण आरोग्य शिबिरे भरवतो, रक्तदाब मोजतो, चष्मे वाटतो. चांगलेच आहे. त्याबरोबर एक दिवस संमतीपत्र वाचण्याचे शिबिर भरवा. एखाद्या जाणत्या डॉक्टरला बोलवा, मराठीत समजावून घ्या. आपल्याच समाजातली कितीतरी मुले-मुली आज डॉक्टर, नर्स आहेत. त्यांनी आपल्या रुग्णालयात पहिले मराठी पत्रक तयार करावे. यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहण्याची गरज नाही.

काकांचा रिपोर्ट मुलाने जाऊन आणला. ॲडिनोमा होता, कर्करोग नव्हता. बारा मिलिमीटरचा तो कोंब आणखी काही वर्षे तसाच राहिला असता तर काय झाले असते, हे त्यांना आता समजले आहे. तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण करायची आहे आणि काका ती करणार आहेत. "या वेळी कागद आदल्या दिवशी मागणार," ते म्हणाले. "वाचीन, विचारीन, आणि मगच सही करीन."

काकांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनीच शोधले. सही आपली असेल, तर तिच्या वर काय लिहिले आहे हे जाणण्याचा हक्कही आपलाच आहे. तो मागितल्याशिवाय मिळणार नाही. म्हणून मागा.